गोळी डोक्याची, मळमळ पोटात

वाचकाचं पत्र

मी ३४ वर्षांची आहे. राहते मिरजेत, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब बघते. दोन वर्षांपूर्वी एका लग्नातलं जेवण बाधलं. चार दिवस जुलाब-उलट्या झाल्या, अँटिबायोटिकचा कोर्स झाला आणि तेव्हापासून पोट ताळ्यावर नाही. सकाळी कामाला निघायच्या आधी तीन-चार वेळा जावं लागतं, मुरडा येतो, जाऊन आलं की जरा हलकं वाटतं. दुपारनंतर पोट फुगतं. बसमध्ये बसलं की एकच धास्ती, मधेच लागली तर? रविवारी मात्र काही म्हणजे काही नाही. रक्त, सोनोग्राफी, दुर्बिणीची तपासणी सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतडं हळवं होण्याचा विकार) आहे आणि एस्सिटालोप्राम ५ मिलिग्रॅम लिहून दिली. मेडिकलवाला म्हणाला, ही डिप्रेशनची गोळी. सासूबाई म्हणतात, पोटाच्या दुखण्याला डोक्याची गोळी कशाला? सहा दिवस झाले घेतेय. मळमळ आणि जुलाब उलट वाढलेत. एका रीलमध्ये पाहिलं की ९५ टक्के सेरोटोनिन आतड्यात बनतं, तेव्हा पोट सुधारा, मन आपोआप सुधारेल. म्हणून ५-एचटीपीच्या कॅप्सूल आणि प्रोबायोटिक पावडर मागवली. दोन्ही अजून फोडलेल्या नाहीत. गोळी बंद करून हे सुरू करू का? आणि खाऊ काय? आमच्याकडे कांदा-लसणाशिवाय भाजी होत नाही आणि संध्याकाळी भडंग ठरलेलं.

एक वाचक, मिरज

आमचं उत्तर

ताई, ५-एचटीपीची बाटली फोडली नाहीत हे फार बरं झालं. ती फोडूच नका. परत घेत असतील तर परत पाठवा. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी.

एस्सिटालोप्राम सेरोटोनिनचा निचरा अडवते. ५-एचटीपी हा सेरोटोनिनचाच कच्चा माल. शरीर एका पायरीत त्याचं सेरोटोनिन करून टाकतं. एकीकडून आवक वाढवली आणि दुसरीकडून निचरा बंद केला तर ते प्रमाणाबाहेर साचू शकतं. याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. हातांना कंप, पायांच्या स्नायूंना झटके, दरदरून घाम, धडधड, कमालीची बेचैनी, जुलाब, ताप अशी लक्षणं एकत्र दिसतात. बहुतेकदा नवं औषध सुरू केल्यापासून किंवा डोस वाढवल्यापासून २४ तासांच्या आत. सौम्य असेल तर औषध थांबवल्यावर एक-दोन दिवसांत ओसरतं, तीव्र झालं तर जिवावर बेततं. तेव्हा असं काही दिसलं तर फोनाफोनीत वेळ न घालवता सरळ कॅज्युअल्टी गाठायची. कमी-अधिक प्रमाणात हाच धोका ट्रामाडोल हे वेदनाशामक, डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध, अर्धशिशीच्या ट्रिप्टान गटातल्या गोळ्या आणि लिनेझोलिड हे अँटिबायोटिक यांच्यासोबतही असतो. दात काढायला गेलात किंवा कंबर धरली म्हणून दुसऱ्या दवाखान्यात गेलात तर ‘मी एस्सिटालोप्राम घेते’ हे पहिलं वाक्य असू द्या.

गोळी बंद करून ५-एचटीपी घेतलं तर चालेल का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. नाही. या गोळीचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण ३० तास लागतात, म्हणजे ती अंगातून जायला जवळजवळ आठवडा जातो. आणि एकटं ५-एचटीपी घेतलं तरी त्याचं सेरोटोनिन करणारं एन्झाइम आतड्याच्या भिंतीतच मुबलक असतं. बराचसा माल मेंदूपर्यंत पोहोचण्याआधी खालीच संपतो आणि मळमळ-जुलाब देतो. तुम्हाला नेमकं तेच नको आहे.

आता ते रील. आकडा बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा.

शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात बनतं, हे खरं. मुळात ते सापडलंही तिथेच. १९३० च्या दशकात इटलीच्या व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांनी ते पोटाच्या आतल्या अस्तरातून काढलं आणि त्याला एंटेरामीन म्हटलं. १९४८ मध्ये अमेरिकेत रक्तातून, रक्तवाहिन्या आकुंचवणारा पदार्थ म्हणून जे वेगळं झालं त्याला सेरोटोनिन नाव पडलं. दोन्ही एकच आहेत हे १९५२ मध्ये नक्की झालं, आणि ते मेंदूतही असतं हे कळलं त्याच्या पुढच्या वर्षी. ‘आनंदाचं रसायन’ हे बिरूद त्याला नंतर चिकटलं. आमच्या मते ते फार ढोबळ आहे. सेरोटोनिनची सर्वांत मोठी नोकरी आतडं हलवण्याची आहे.

आतड्यात बनलेलं सेरोटोनिन मेंदूत जात नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती ते आत सोडत नाहीत. आतड्यातून रक्तात उतरलेलं सेरोटोनिन प्लेटलेट उचलून साठवतात आणि जखम झाली की रक्त गोठवायला वापरतात. (याचा एक व्यवहारी परिणाम लक्षात ठेवा: तुमची गोळी प्लेटलेटचा हा साठाही कमी करते, म्हणून तिच्याबरोबर डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्या परस्पर खाल्ल्या तर पोटात रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल बरी.) मेंदू आपलं सेरोटोनिन आपणच बनवतो, तेही वेगळ्या एन्झाइमच्या मदतीने. त्यासाठी लागणारं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल तेवढं बाहेरून येतं. पण ज्या वाटेने ते आत शिरतं तीच वाट ल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन अशा बाकीच्या अमिनो आम्लांचीही आहे. हळदीच्या हंगामात मार्केट यार्डाच्या एकाच गेटात गाड्यांची रांग लागावी तसं तिथे होतं आणि ट्रिप्टोफॅनच्या गाड्या त्या रांगेत सर्वांत कमी. त्यामुळे पनीर-अंडी जास्त खाल्ली म्हणून मेंदूतलं सेरोटोनिन त्या हिशेबाने वाढत नाही. केळ्यात सेरोटोनिन असतं म्हणून केळं खा, या सल्ल्यातही दम नाही. केळं खावं, पण केळं म्हणून.

तरीही पोट आणि मन यांचा संबंध आहे आणि घट्ट आहे. तो चालतो मज्जातंतूंतून. आतड्याच्या अस्तरात शंभर पेशींमागे जेमतेम एखादी पेशी एंटेरोक्रोमाफिन जातीची असते. अन्नाचा दाब, तिखटजाळ, जंतूंनी सोडलेली रसायनं यांची चाहूल तिला लागते आणि ती लगेच सेरोटोनिन सोडते. शेजारच्या तंतूंना ते लागलं की दोन गोष्टी होतात. आतड्याच्या भिंतीतलं स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं आतडं पुढे ढकलू लागतं, आणि व्हेगस नर्व्ह (मेंदू आणि पोट यांना जोडणारी मोठी नस) व पाठीच्या कण्यातून वर मेंदूला वर्दी जाते: मळमळ, कळ, घाई. व्हेगसमधले सुमारे ८० टक्के तंतू खालून वर निरोप नेणारे आहेत. केमोथेरपीच्या उलटीवर देतात ती ऑन्डान्सेट्रॉन काम करते ती याच सेरोटोनिनचा तंतूंवरचा एक ग्राही (रिसेप्टर) बंद करून.

निरोप उलट दिशेनेही येतो, आणि तुमचं उत्तर बरंचसं त्यात आहे. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने उंदरांच्या आतड्यावर दाखवलं की ताणात स्रवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन लागलं की या पेशी सेरोटोनिन सोडतात. मिरचीचा झोंबरेपणा कोणत्या ग्राहीला कळतो हे शोधून काढणारे हेच ज्युलियस. २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा त्यासाठीच होता. सकाळी मोठं आतडं एरवीही जास्त हालतं. त्यात उपाशीपोटी चहा, त्यात ‘बसमध्ये लागली तर’ हा घोर. तीन कारणं एका वेळी एका जागी येतात. रविवारी चहा तोच असतो, बस नसते. म्हणून रविवारी बरं वाटतं याचा अर्थ बाकीचे सहा दिवस तुम्ही नाटक करता किंवा मनाला लावून घेता असा होत नाही. कळ खरी आहे आणि ती आतड्यातच उठते.

लग्नाच्या जेवणाचाही हिशेब लागतो. जंतुसंसर्गाने जुलाब झालेल्या दहांपैकी साधारण एकाला पुढे आयबीएस होतं. संसर्ग गेल्यावरही काहींच्या अस्तरात या सेरोटोनिनवाल्या पेशी जास्त राहतात, तंतू हळवे राहतात, आणि एरवी कळलाही नसता असा गॅस कळ बनून जाणवतो. संसर्गाच्या वेळी माणूस आधीच ताणात असेल तर हे व्हायची शक्यता अधिक. दुर्बिणीत यातलं काही दिसत नाही, कारण दुर्बीण व्रण, सूज, गाठ दाखवते. तंतूंचा हळवेपणा दाखवत नाही. रिपोर्ट नॉर्मल येऊनही तुम्हाला त्रास होतो, यात विसंगती नाही.

सासूबाईंना सांगायचं तर एवढं सांगा: गोळी डोक्याची आहे तशीच ती आतड्याचीही आहे. सेरोटोनिनचा निचरा करणारी यंत्रणा दोन्हीकडे एकच आहे आणि गोळी तिला दोन्हीकडे अडवते. म्हणूनच पहिल्या आठवड्यात मळमळ आणि पातळ शौच वाढतं. मेंदूवरचा परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे, पुरता दिसायला सहा ते आठ. पोटावरचा मात्र दुसऱ्या दिवसापासून. बहुतेकांची मळमळ एक ते दोन आठवड्यांत बसते, कारण तंतूंना त्या पातळीची सवय होते. सहाव्या दिवशी औषध सोडणारे त्रास तेवढा भोगतात आणि फायदा यायच्या आत उठून जातात. गोळी भरल्या पोटी घ्या. सकाळी घेऊन मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. रात्री झोप उडत असेल तर पुन्हा सकाळी. आलं घातलेलं कोमट पाणी घोट-घोट चालेल. दिवसातून पाच-सहा वेळांहून जास्त पातळ होत असेल, पाणी टिकत नसेल किंवा एकदम बेचैनी-तगमग वाढली असेल, तर डॉक्टरांना फोन करा. मनात जीव नकोसा झाल्याचे विचार आले तर त्याच दिवशी. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू आणि मोफत आहे, मराठीतही बोलतात.

या गोळीचं व्यसन लागत नाही. मात्र काही महिने घेतल्यावर एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके असं होतं, म्हणून ती उतरत्या पायऱ्यांनी सोडतात. हे तुम्हाला आत्ताच माहीत असलेलं बरं. पुढे बरं वाटू लागल्यावर लोक पाकीट संपलं की आणतच नाहीत.

एक मुद्दा मात्र डॉक्टरांपुढे काढाच. केवळ आयबीएससाठी, त्यातही जुलाबाच्या प्रकारात, एस्सिटालोप्रामच्या गटाचा पुरावा कच्चा आहे. त्याहून पक्का पुरावा अमिट्रिप्टिलिनचा. तीही जुनी डिप्रेशनचीच गोळी, पण आयबीएससाठी डोस फार कमी: रात्री १० मिलिग्रॅमपासून, गरजेनुसार ३० पर्यंत. ब्रिटनमध्ये ४६३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, ती औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा सरस ठरली. ती आतड्याची चाल मंदावते आणि कळेचा निरोप दबवते. तोंड कोरडं पडणं, सकाळी सुस्ती, क्वचित बद्धकोष्ठ हे तिचे तोटे. तुमच्या डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम निवडली ती बहुधा बसच्या धास्तीकडे बघून, आणि ती निवड चुकीची म्हणता येणार नाही. पण ‘जुलाबासाठी अमिट्रिप्टिलिन बरी पडेल का?’ हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. या दोन्ही आपल्या मनाने एकत्र किंवा अदलाबदल करून घ्यायच्या नाहीत.

आता जंतू. आपल्या अंगातल्या जंतूंची संख्या आपल्या पेशींच्या दहापट आणि वजन दोन किलो, असं अजून सर्रास लिहिलं जातं. २०१६ मध्ये इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी नीट मोजदाद केली तेव्हा संख्या साधारण बरोबरीची निघाली आणि वजन सुमारे २०० ग्रॅम. पण २०० ग्रॅमही कमी नाहीत. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातच, जन्मापासून जंतूंशिवाय वाढवलेल्या उंदरांमध्ये आतड्यातलं सेरोटोनिन निम्म्याहून कमी आढळलं. ठरावीक जातींचे, बीजाणू धरणारे जंतू परत दिल्यावर ते भरून आलं. हे जंतू स्वतः सेरोटोनिन वाटत फिरत नाहीत. आपण न पचवलेल्या अन्नतंतूंपासून (फायबरपासून) आणि पित्तापासून ते जी रसायनं करतात, त्यांनी एंटेरोक्रोमाफिन पेशींचं काम वाढतं.

इथपर्यंत ठीक. ‘अमुक जंतू खाल्ला की मन प्रसन्न’ इथे गाडी घसरते. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससच्या जेबी-१ या वाणाचं उदाहरण बोलकं आहे. २०११ मध्ये हा जंतू दिलेले उंदीर कमी घाबरट झाले. व्हेगस कापलेल्या उंदरांत मात्र काहीच फरक पडला नाही, म्हणजे निरोप व्हेगसमधूनच जात होता. देखणा प्रयोग. २०१७ मध्ये २९ निरोगी पुरुषांना चार आठवडे तोच जंतू आणि चार आठवडे नकली कॅप्सूल दिली, तर नकली कॅप्सूल आणि असली कॅप्सूल यांत फरक निघाला नाही. जाहिरातींत पहिला प्रयोग असतो, दुसरा नसतो.

तुमच्या पावडरीबद्दल: अमेरिकेच्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये आयबीएससाठी प्रोबायोटिक सरसकट देऊ नका असं सांगितलं. घेऊच नका असं आम्ही म्हणणार नाही, कारण तुमच्यासारख्या एरवी धडधाकट माणसाला सहसा अपाय होत नाही आणि काहींचं पोट फुगणं कमी होतं. पण डब्यावर जंतूचं नाव वाणासकट, म्हणजे शेवटच्या अक्षर-आकड्यांपर्यंत आहे का, आणि जिवंत जंतूंची संख्या एक्सपायरीपर्यंतची दिलीय की भरतानाची, हे बघा. नुसतं ‘१५ जातींचं मिश्रण’ लिहिलं असेल तर ते मोजमाप नाही. शिवाय पावडरीत इन्युलिन किंवा फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड घातलेलं असेल तर ती तुमचं पोट आणखी फुगवेल; घटकांची यादी वाचा. सुरू करायचीच असेल तर गोळीची मळमळ बसल्यावर, एकच, चार आठवडे. फरक नाही पडला तर बंद. दोन नवीन गोष्टी एकाच आठवड्यात सुरू केल्या तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा ते कधीच कळत नाही. घरपोच शौचाचा नमुना नेऊन ‘तुमचे जंतू किती टक्के चांगले’ सांगणाऱ्या चाचण्यांवर मात्र एक रुपया घालवू नका. त्या रिपोर्टवरून कोणताही डॉक्टर उपचार बदलत नाही.

खाण्याकडे येऊ. तुमच्या घरातला मुख्य संशयित भडंग नाही. त्यातले चुरमुरे आणि शेंगदाणे बहुतेकांना चालतात. बाधतो तो तळलेला लसूण आणि वरून भुरभुरलेला कच्चा कांदा. कांदा, लसूण आणि गहू यांत फ्रुक्टान नावाची साखळी-शर्करा असते. ती माणसाच्या लहान आतड्यात कोणाचीच पचत नाही. ती मोठ्या आतड्यात जाते, जंतू तिचा गॅस करतात, पाणी ओढलं जातं. निरोगी माणसाला त्याचं काही वाटत नाही, हळव्या आतड्याला वाटतं. आपल्याकडे अडचण ही की कांदा-लसूण मसाला वर्षाचा कुटून ठेवलेला असतो आणि आमटीपासून रस्स्यापर्यंत सगळ्यात पडतो. कांदा नुसता बाजूला काढून खाणारे फसतात ते इथे. फ्रुक्टान पाण्यात उतरतं, त्यामुळे रस्सा तोच राहतो.

पण ते तेलात उतरत नाही. म्हणून फोडणीत लसणाच्या अख्ख्या पाकळ्या मंद आचेवर तांबूस करा आणि पाणी किंवा भाजी घालण्याआधी झाऱ्याने काढून टाका. वास राहतो, बाधणारा भाग जातो. पाकळ्या ठेचू नका, तुकडे मागे राहतात. कांद्याऐवजी पातीच्या कांद्याचा फक्त हिरवा भाग वापरा. चार आठवडे कांदा-लसूण मसाल्याच्या जागी साधं लाल तिखट, धणे-जिरे पूड आणि हिंग. बाजारच्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, पण चिमटीभर हिंगातलं पीठ अडचण करत नाही. तिखटही हात राखून, कारण मिरचीने आयबीएसच्या रुग्णांत कळ वाढते. घरच्यांसाठी वेगळा स्वयंपाक नको: भाजी अशीच करा, तुमची वाटी काढा, बाकीच्यांसाठी वरून मसाल्याची फोडणी द्या.

चपातीच्या जागी ज्वारीची भाकरी. तिच्यात फ्रुक्टान नगण्य आणि अन्नतंतू (फायबर) भरपूर: १०० ग्रॅम पिठात साधारण १० ग्रॅम, पांढऱ्या तांदळात ३ पेक्षाही कमी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू सांगते. दोन मध्यम भाकऱ्यांत त्यातले १२-१३ होतात. हरभरा, राजमा, चवळी चार आठवडे बाजूला. मूगडाळ रात्रभर भिजवून, ते पाणी ओतून, ताज्या पाण्यात शिजवून अर्धी वाटी. दूध कपभर नको, चहातलं ५० मिलिलिटर चालतं. दही वाटीभर, ताक पेलाभर जेवणात घ्या. मात्र कढी केली की त्यातले जंतू मरतात. आंबिलीचंही तेच, म्हणून ती शिजवून कोमट झाल्यावर वरून ताक घालावं. मूठ-मूठ बेदाणे तोंडात टाकायची सवय तासगावकडच्यांना असतेच. महिनाभर आवरा. शुगरफ्री गोळ्या आणि च्युइंगमही नको, त्यातल्या सॉर्बिटॉलने जुलाब होतात.

आणि इसबगोल. जुलाबाला इसबगोल कशाला असं वाटेल, पण ते पाणी धरून ठेवतं, पातळाला आकार देतं. सुरुवात एका सपाट चहाच्या चमच्याने, रात्री, पेलाभर म्हणजे २५० मिलिलिटर पाण्यात ढवळून लगेच प्या. ठेवून दिलं तर त्याचा गोळा होतो. दर आठवड्याला एक चमचा वाढवत तीन-चार चमच्यांपर्यंत. पहिल्याच दिवशी तीन चमचे घेणारे पोट फुगलं म्हणून सोडून देतात, आणि कमी पाण्यात घेणाऱ्यांच्या घशात ते अडकू शकतं. बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब. गव्हाचा कोंडा हा त्याला पर्याय नाही, तो तुमची कळ वाढवेल.

हे चार आठवडेच. मग एकेक पदार्थ परत आणा: पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी दुप्पट, तिसऱ्या दिवशी नेहमीइतका, मधे दोन-तीन दिवस विश्रांती. लसूण, कांदा, गहू, डाळी वेगवेगळ्या तपासा. बहुतेकांना एखाद-दुसराच बाधतो आणि तोही ठरावीक मापापुढे. कायमचं सगळं सोडून बसलात तर जंतूंचं खाणंच तुटतं आणि उपयोगी जातींची संख्या घटते.

हळद पेठेत काम करता म्हणून जाता जाता: स्वयंपाकातली हळद खुशाल. मिऱ्याचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल मात्र ‘सूज कमी करतात’ म्हणून घेऊ नका. त्यांनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत.

सकाळचं वेळापत्रक बदललंत तर गोळीइतका फरक पडू शकतो. पाऊण तास आधी उठा. आधी अर्धी भाकरी किंवा मऊ भात असं काहीतरी पोटात, मग चहा, मग संडासला पुरेसा वेळ. निघण्याआधी दहा मिनिटं टेकून बसा, हात पोटावर, श्वास चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. मिनिटाला सहाएक श्वास होतात. लांब उच्छ्वासात व्हेगसचा जोर वाढतो आणि हृदयाची गती उतरते. हे कळ आल्यावर करून उपयोग कमी; रोज दोनदा, बरं असतानाही करायचं. बसची धास्ती टप्प्याटप्प्याने जाते: पहिले काही दिवस गर्दी नसलेल्या वेळी एकच स्टॉप, सोबत कोणीतरी, मग दोन, मग पूर्ण मिरज-सांगली. फारच महत्त्वाचा दिवस असेल तर आदल्या तासाला लोपेरामाइड या जुलाब थांबवणाऱ्या औषधाची २ मिलिग्रॅमची एक गोळी डॉक्टरांना विचारून घेता येते, पण ताप असताना किंवा शौचात रक्त असताना कधीच नाही.

पुढच्या भेटीत दोन तपासण्यांची चौकशी करा. एक, गहू खाल्ल्याने आतड्याला इजा होते त्या सिलिअ‍ॅक आजारासाठी रक्ताची टीटीजी-आयजीए; ती गहू बंद करायच्या आधी द्यायची, नाहीतर खोटी नॉर्मल येते. म्हणून भाकरीवर जाण्याआधीच हे उरकून घ्या. दुसरी शौचाची कॅल्प्रोटेक्टिन, आतड्याला खरी सूज आहे का ते सांगणारी. दुर्बिणीच्या वेळी तुकडा घेऊन तपासला असेल तर तिची गरज नसेलही. रात्री झोपेतून उठून जावं लागणं, शौचात रक्त, न ठरवता वजन उतरणं, हिमोग्लोबिन कमी होणं, वारंवार ताप, घरात मोठ्या आतड्याचा कॅन्सर, यातलं काही असेल तर ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ यावर थांबू नका, पुन्हा दाखवा.

जाताना एक साधी वही न्या. तारीख, किती वेळा, पातळ की घट्ट, कळ दहापैकी किती, काय खाल्लं, त्या दिवशी बस होती की सुट्टी. खाली शेवटच्या पानावर घरात असलेली प्रत्येक गोळी, पावडर, काढा यांची नावं, न घेतलेल्या ५-एचटीपीसकट.